त्र्याऐंशीचा ताळेबंद

काही वर्षांच्या वाट्याला एकच छायाचित्र येते. १९८३ चे नाव काढले की लॉर्ड्सची गच्ची, कपिलदेवच्या हातातला तो चकाकता चषक आणि खाली हिरवळीवर उसळलेली गर्दी डोळ्यांसमोर येते आणि आठवण तिथेच थांबते. ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांनाही हे चित्र पाठ आहे. २०२१ मध्ये ‘८३’ नावाचा चित्रपट आला आणि आजोबांनी शंभरदा सांगितलेली गोष्ट नातवंडांनी पडद्यावर पाहिली. त्यात वावगे काहीच नाही. देशाच्या आयुष्यात निर्भेळ आनंदाचे दिवस मोजकेच येतात. ते जपायलाच हवेत. पण वर्ष बारा महिन्यांचे असते. त्या बारा महिन्यांत या देशात जे घडले, त्यातले बरेचसे आजही आपल्या घरात, न्यायालयात आणि निवडणुकीच्या मांडवात वावरते आहे. ते सगळे बाजूला सारायचे आणि जूनमधल्या एका संध्याकाळीलाच ‘१९८३’ म्हणायचे, हा हिशेब मनाला पटत नाही.

हिशेब हा शब्द सवयीने आला. उमेदीची सारी वर्षे बँकेत गेली. त्या काळी बँकांचे वर्ष जानेवारीला सुरू होऊन डिसेंबरला संपायचे. ३० जूनला सहामाही आणि ३१ डिसेंबरला वार्षिक ताळेबंद. मार्चअखेरची प्रथा ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आली. ताळेबंदाचा एक साधा नियम आहे. आवडलेल्या नोंदी ठेवायच्या आणि नावडत्या गाळायच्या, अशी सोय त्यात नाही. आणखी एक खाते असते, त्याला आम्ही ‘सस्पेन्स’ म्हणत असू. ज्या रकमेचे नेमके काय करायचे ते ठरत नाही, ती तात्पुरती तिथे टाकायची. मात्र तात्पुरती म्हणून टाकलेली नोंद वर्षानुवर्षे तिथेच पडून राहते. नवा व्यवस्थापक जुन्याकडे बोट दाखवतो आणि तपासनीस दरसाल तोच शेरा मारून जातो. देशाचेही असे एक सस्पेन्स खाते असते. १९८३ च्या काही नोंदी अजून त्या खात्यातच आहेत.

पण सुरुवात जमेच्या बाजूने करू.

चषक आणि त्यानंतरचा हिवाळा

२५ जून १९८३ हा शनिवार होता. आमच्या शाखेत सहामाहीच्या खातेजुळणीची धांदल होती. बेरजा जुळत नसल्या की चार-चार माणसे एका लेजरवर वाकलेली असत. त्या संध्याकाळी मात्र टेबलावर लेजरांच्या शेजारी ट्रान्झिस्टर होता. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांत दूरचित्रवाणी पोहोचायची होती, त्यामुळे आमच्यासारख्यांनी तो विजय पाहण्यापेक्षा ऐकलाच अधिक.

आधीच्या दोन विश्वचषक स्पर्धांत, १९७५ आणि १९७९ मध्ये मिळून, भारताने एकच सामना जिंकला होता, तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. त्यामुळे या संघाकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. पहिल्याच सामन्यात त्याने वेस्ट इंडीजला हरवले, तेव्हाही लोकांनी तो योगायोगच मानला. १८ जूनला टनब्रिज वेल्सला झिंबाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशी दशा झाली असताना कपिलदेवने नाबाद १७५ धावा काढल्या. त्या दिवशी बीबीसीत संप होता, म्हणून त्या खेळीचे चित्रण नाही. ज्यांनी ती पाहिली त्यांच्या बोलण्यातच ती उरली आहे. अंतिम सामन्यात साठ षटकांच्या डावात भारताच्या धावा झाल्या १८३, त्यांत श्रीकांतच्या ३८ सर्वाधिक. मग मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सने मारलेला फटका उंच उडाला, कपिल पाठमोरा धावत गेला आणि त्याने तो झेल घेतला. वेस्ट इंडीजचा डाव १४० धावांत आटोपला. २६ धावा आणि १२ धावांत ३ बळी घेणारा मोहिंदर अमरनाथ सामन्याचा मानकरी ठरला.

विजेत्यांना बक्षीस द्यायला क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटणार नाही. मग दिल्लीत लता मंगेशकरांचा कार्यक्रम झाला आणि त्यातून जमलेल्या रकमेतून प्रत्येक खेळाडूला एक-एक लाख रुपये मिळाले. मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. लॉर्ड्सवर अंतिम सामन्याची जादा तिकिटे मिळाली नाहीत, हे त्यांच्या मनाला लागले. त्या सप्टेंबरात दिल्लीत आशियाई क्रिकेट परिषद स्थापन झाली आणि १९८७ ची विश्वचषक स्पर्धा इंग्लंडबाहेर, भारत आणि पाकिस्तानात झाली. क्रिकेटचे आर्थिक केंद्र पुढे लंडनहून मुंबईकडे सरकले, त्या वाटेवरचे पहिले पाऊल हे होते.

इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढची सांगायची राहून जाते. चारच महिन्यांनी वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. त्याने एकदिवसीय मालिका ५-० आणि कसोटी मालिका ३-० अशी जिंकली. कानपूर आणि कोलकाता इथे आपण डावाने हरलो. अहमदाबादला कपिलदेवने एकाच डावात ८३ धावांत ९ बळी घेतले आणि तरीही भारत हरला. एका माणसाने यापेक्षा अधिक काय करायचे? याच मालिकेत सुनील गावस्करने दिल्लीला २९ वे शतक काढून ब्रॅडमनची बरोबरी केली आणि चेन्नईला, तेव्हाच्या मद्रासला, नाबाद २३६ धावा करून त्याला मागे टाकले. मधल्या कोलकात्याच्या कसोटीत याच गावस्करला प्रेक्षकांचा संताप झेलावा लागला. जूनमध्ये खांद्यावर घेतलेल्यांना डिसेंबरात खाली उतरवायला आपल्याला सहा महिनेसुद्धा लागले नाहीत.

हा हिवाळा आठवणीतून वगळला की विजय सोपा वाटू लागतो. खरे तर तो अवघड होता म्हणूनच मोठा होता. तेव्हाच्या जगात आपल्यापेक्षा कितीतरी बलाढ्य असा एक संघ होता आणि त्याला आपण एकदा, योग्य दिवशी, हरवले. मुलांना सांगायची गोष्ट ही आहे.

घरातले १९८३

वर्तमानपत्राच्या मथळ्यात न मावणारे बदल घराच्या उंबऱ्यातून आत येतात. १९८३ मध्ये असे बरेच काही आत आले.

३० ऑगस्टला ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अवकाशयानातून इन्सॅट-१ बी हा उपग्रह गेला. आधीचा इन्सॅट-१ ए काही महिन्यांतच निकामी झाला होता, त्यामुळे या वेळी सगळ्यांचे प्राण कंठाशी आले होते. तो उपग्रह टिकला आणि पुढच्या वर्षी काही महिने तर जवळजवळ दिवसाला एक या वेगाने देशात दूरचित्रवाणीची सहक्षेपण केंद्रे उभी राहिली. १९८३ चा अंतिम सामना ज्यांनी ट्रान्झिस्टरला कान लावून ऐकला, ते पुढचे मोठे सामने घरी किंवा शेजाऱ्यांकडे बसून पाहू लागले. क्रिकेट हा साऱ्या देशाचा खेळ झाला तो चषकामुळे आणि या उपग्रहामुळे. यातला दुसरा वाटेकरी आपण विसरतो.

१४ डिसेंबरला मारुतीची पहिली मोटार गिऱ्हाइकाच्या हाती पडली. किंमत पन्नास हजारांच्या आसपास. तत्पूर्वी १० हजार रुपये भरून लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवले होते. पगारदार माणूस एखाद्या वस्तूसाठी आधी पैसे भरून वर्षानुवर्षे थांबतो, ही सवय जुनीच होती. स्कूटर, गॅस आणि टेलिफोनने ती लावली होती. आता त्या रांगेत मोटार आली.

महाराष्ट्रात २ फेब्रुवारीला वसंतदादा पाटील पुन्हा मुख्यमंत्री झाले. स्वतःचे शालेय शिक्षण जेमतेम झालेल्या या नेत्याने त्याच वर्षी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर आपली मुले देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात. ती आता जिल्ह्याच्या ठिकाणी शिकू लागली. या निर्णयातून शिक्षणसम्राट निर्माण झाले आणि शिक्षणाचा बाजार मांडला गेला, हे खरे आहे. मात्र ज्या घरात कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते, त्या घरातली मुलगी अभियंता झाली, हेही याच निर्णयामुळे. आज पुणे-हिंजवडीच्या किंवा परदेशातल्या संगणक कंपन्यांतून काम करणाऱ्या अनेकांच्या आयुष्याची पहिली ओळ त्या वर्षी लिहिली गेली. योगायोग असा, की त्याच ऑक्टोबरात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल जाहीर झाले आणि आपण आनंद केला. ज्या संशोधनाने त्यांचे नाव झाले, त्याची आकडेमोड त्यांनी १९३० मध्ये इंग्लंडला निघालेल्या जहाजावर, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी केली होती. १९८३ पर्यंत त्यांना अमेरिकेचे नागरिक होऊन तीस वर्षे झाली होती.

बँकेतही वारे बदलत होते. सप्टेंबरात बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराबाबत करार झाला. संगणक आला की नोकऱ्या जाणार, या भीतीने बैठका गाजत होत्या. पुढे यंत्रे आली. बेरजा चुकायच्या थांबल्या आणि बेरजा करणारी माणसेही हळूहळू थांबली. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगार योजना जाहीर केली. मॅट्रिक झालेल्या १८ ते ३५ वयाच्या तरुणाला २५ हजारांपर्यंत कर्ज. आमच्या काउंटरसमोर त्या अर्जांची रांग लागली. कोणी पिठाची गिरणी काढली, कोणी रेडिओ दुरुस्तीचे दुकान. काही चालली, काही बुडाली. पण त्या अर्जांवरून नजर फिरवली तरी ध्यानात येई की शाळांनी मुले शिकवली होती आणि त्यांना सामावून घेणारी कामे मात्र तयार झाली नव्हती.

मुंबईत तर असलेली कामेही जात होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला गिरणी संप १९८३ मध्ये दुसऱ्या वर्षात गेला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. गिरणगावातून कोकणात आणि साताऱ्याकडे जाणाऱ्या मनिऑर्डरी थांबल्या. भांडी गहाण पडली, मुलांच्या शाळा सुटल्या. लॉर्ड्सच्या विजयाचे फटाके लालबाग-परळमध्येही वाजले असतील. त्यानंतर घरात शिरणाऱ्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा विचार कोणत्याही क्रीडापटात येत नाही.

देसाईगंजची मुलगी

त्या वर्षाची माझ्या मते सर्वांत महत्त्वाची नोंद संसदेत झाली आणि तिचा उगम महाराष्ट्रातला आहे. १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, असा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा त्या निकालाचा सूर होता.

रात्रीच्या वेळी पोलीस चौकीत एकटी असलेली गरीब मुलगी कोणाला हाक मारणार होती, हा प्रश्न चार प्राध्यापकांनी विचारला. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस किंवा अन्य सरकारी ताब्यातल्या स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद झाली. पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरला. डिसेंबरात दंड संहितेत कलम ४९८-अ आले आणि नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा घरगुती मामला राहिला नाही. २०२४ मध्ये दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी ती तरतूद नव्या क्रमांकाने कायम आहे.

या कलमाच्या गैरवापराची चर्चा आज घरोघर होते. ती जरूर व्हावी. पण चर्चा करणाऱ्याला हे कलम कोणत्या काळात आले, हे ठाऊक असावे. स्टोव्हच्या भडक्याने सुना जळाल्याच्या बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येत, तो तो काळ. देसाईगंजच्या त्या मुलीच्या आरोपींची सुटका काही बदलली नाही. तिच्या नावावर काही जमा झाले नाही. तिच्यामुळे इतरांच्या नावावर झाले. विश्वविजेत्यांची चौदा नावे आपल्याला पाठ असतात. या चौघा प्राध्यापकांची नावे किती जणांना सांगता येतील?

पडद्याने पाहिलेले वर्ष

११ एप्रिलला रिचर्ड अ‍ॅटनबरोच्या ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाली. त्यांतले वेशभूषेचे पारितोषिक जॉन मोलोबरोबर विभागून कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना मिळाले आणि त्या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी, गोखल्यांच्या भूमिकेतले डॉ. श्रीराम लागू अशी आपली माणसे त्या चित्रपटात ठायी ठायी होती. आपल्या महात्म्यावरचा चित्रपट परक्याने काढला, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाले. तरी चित्रपटगृहात खेड्यापाड्यांतून लोक आले आणि पुन्हा पुन्हा आले.

मात्र १९८३ चा भारत ज्यांत दिसतो, ते चित्रपट दुसरेच. गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेला. पटकथा विजय तेंडुलकरांची, त्यातली कविता दिलीप चित्र्यांची. ओम पुरींचा अनंत वेलणकर हा प्रामाणिक फौजदार, आणि त्याच्यासमोर नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी थंडपणे उभा केलेला रामा शेट्टी. गुन्हेगार निवडणुकीला उभा राहतो आणि पोलिसाचे हात बांधलेले असतात, हे त्या चित्रपटाने दाखवले तेव्हा प्रेक्षक हादरला होता. आता तो हादरत नाही, एवढाच फरक. कुंदन शहांचा ‘जाने भी दो यारों’ही त्याच वर्षीचा. कंत्राटदार, पालिकेचा आयुक्त, कोसळलेला पूल आणि शेवटी कैद्याच्या वेशात मुंबईच्या रस्त्यावर उभे असलेले दोन निरपराध छायाचित्रकार. आपण तो विनोदी चित्रपट म्हणून पाहतो. मुलांबरोबर तो पाहताना शेवटच्या दोन मिनिटांत घरात शांतता का पसरते, हे त्यांना समजावून सांगावे लागते.

दिल्लीपासून दूर

वर्षाची सुरुवातच सत्ताधाऱ्यांना धक्का देणारी होती. अवघ्या नऊ महिन्यांपूर्वी पक्ष काढलेले एन. टी. रामाराव ९ जानेवारीला आंध्रचे मुख्यमंत्री झाले आणि कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांचे पहिले बिगरकाँग्रेस सरकार आले. राज्ये आपले म्हणणे मांडू लागली. केंद्र-राज्य संबंधांचा विचार करण्यासाठी जूनमध्ये सरकारिया आयोग नेमला गेला. राज्यपालांनी कसे वागावे यावर आज वाद झाला, की अजून त्याच आयोगाचा दाखला निघतो.

त्या ६ जानेवारीला कन्याकुमारीहून एक माणूस चालत निघाला होता. चंद्रशेखर यांची ती भारतयात्रा. चार हजारांहून अधिक किलोमीटर चालून, पिण्याचे पाणी, कुपोषण, शिक्षण असे साधे प्रश्न विचारत ते दिल्लीला राजघाटावर पोहोचले, तो दिवस होता २५ जून १९८३. आणीबाणीचा स्मरणदिन म्हणून ती तारीख निवडली होती. त्या संध्याकाळी देशाचे कान लॉर्ड्सकडे होते. पुढे १९९० मध्ये ते पंतप्रधान झाले, तरी ही पदयात्रा लोकांच्या स्मरणात फारशी राहिली नाही.

पंजाबात वर्षभर आग धुमसत होती. २५ एप्रिलला सुवर्णमंदिरातून दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्या पोलीस उपमहानिरीक्षक अटवाल यांना गोळ्या घातल्या गेल्या. ऑक्टोबरात ढिलवानजवळ बस थांबवून हिंदू प्रवाशांना वेगळे काढून मारण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपती राजवट लागू झाली. पुढच्या वर्षी जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जे घडले, ते १९८४ च्या खात्यावर लिहिले जाते. त्याची मुद्दल मात्र आधीच्या वर्षांची होती.

सस्पेन्स खात्यातली नोंद

आता ती नोंद, जी कोणी लिहू पाहत नाही.

आसामात १९७९ पासून परकीय नागरिकांविरुद्ध आंदोलन चालू होते. मतदारयाद्यांतली नावे आधी तपासा, मग निवडणूक घ्या, अशी आंदोलकांची मागणी होती. सरकारने फेब्रुवारी १९८३ मध्ये निवडणूक लादली. आंदोलकांनी बहिष्कार घातला. १८ फेब्रुवारीच्या सकाळी नगाव जिल्ह्यातल्या नेल्ली आणि आसपासच्या गावांना जमावाने वेढले. गावांतले लोक बंगाली वंशाचे मुसलमान शेतकरी होते. काही तासांत चौदा गावे जळाली. सरकारी आकडा १,८१९ मृतांचा. खरा आकडा त्याहून बराच मोठा असल्याचे तेव्हापासून सांगितले जाते. मेलेल्यांत बायका आणि मुले अधिक होती. त्यांना धावून सुटता आले नाही.

मृतामागे पाच हजार रुपये भरपाई मिळाली. सरकारने नेमलेल्या तिवारी आयोगाने १९८४ मध्ये अहवाल दिला, तो अनेक दशके लोकांपुढे आला नाही. काही शे आरोपपत्रे दाखल झाली होती. १९८५ च्या आसाम करारानंतर खटले गुंडाळले गेले. एवढ्या मोठ्या हत्याकांडासाठी एकाही माणसाला शिक्षा झाली नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी अहिंसेच्या पुजाऱ्यावरच्या चित्रपटाला मिळालेल्या ऑस्करांचा आनंद आपण साजरा केला.

परकीय घुसखोरीचा प्रश्न खोटा नव्हता. आपल्याच भूमीत आपली भाषा अल्पसंख्य होईल, ही भीती काय असते, हे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. पण प्रश्न खरा असला म्हणून शेतातून पळणाऱ्या बाईला मारण्याचा परवाना मिळत नाही. आणि करार करायचा म्हणून खून माफ करता येत नाहीत. तेव्हाच्या सरकारने शांततेच्या बदल्यात न्याय गहाण टाकला. मिळालेली शांतता तरी टिकली का? २०१९ मध्ये आसामच्या नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले, तेव्हा ३६ वर्षांपूर्वीचाच प्रश्न नव्या कागदावर आला होता.

नेल्लीच्या गुन्हेगारांना शिक्षा झाली असती तर १९८४ ची दिल्ली आणि नंतरची गावे-शहरे वाचली असती, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण गर्दीने मारले तर कोणालाच काही होत नाही, हा धडा या देशाने १९८३ मध्ये दिला आणि तो फार लोकांनी नीट लक्षात ठेवला. बुडीत कर्ज वेळीच दाखवले नाही, तर ते दरवर्षी नव्या कर्जातून फेडल्यासारखे दिसत राहते आणि एके दिवशी शाखाच बुडते. बँकेतला हा अनुभव राज्यकारभारालाही लागू पडतो.

मग करायचे काय? सरकारांकडून दोन गोष्टी मागायला हव्यात. चौकशी आयोगाचा अहवाल ठरावीक मुदतीत लोकांपुढे आलाच पाहिजे, आणि सामूहिक हत्येचे खटले कोणत्याही राजकीय तडजोडीत मागे घेता येऊ नयेत. बाकीचे काम आपल्या घरातले आहे. शालेय पुस्तकांतला इतिहास बहुधा १९४७ पाशी दमतो. त्यानंतरच्या वर्षांचा इतिहास मुलांना घरातल्या मोठ्या माणसांकडूनच मिळतो. आपण त्यांना फक्त चषक देतो की सगळे वर्ष देतो, हे आपल्या हातात आहे. सगळे वर्ष दिल्याने मुलांचा देशाभिमान कमी होईल, ही भीती मला निराधार वाटते. १९८३-८४ च्या हंगामात अन्नधान्याने १५ कोटी टनांचा टप्पा प्रथमच ओलांडला, एका अनाम मुलीसाठी चार माणसांनी पत्र लिहिले आणि कायदा बदलला, एक उपग्रह टिकला आणि गावोगाव चित्रे पोहोचली. अभिमान बाळगायला एवढे पुरेसे आहे. त्या अभिमानाला नेल्लीचे नाव उच्चारण्याची हिंमत जोडली, तर तो अधिक टिकाऊ होईल.

येत्या २५ जूनला तो सामना मुलांना जरूर दाखवा. रिचर्ड्सचा झेल दोनदा दाखवा. आणि त्याच बैठकीत देशाचा नकाशा उघडून लॉर्ड्सच्या बरोबरीने देसाईगंज कुठे आहे आणि नेल्ली कुठे आहे, तेही दाखवा. मुले प्रश्न विचारतील. त्यांची उत्तरे द्यायला आपल्याला थोडे वाचावे लागेल, एवढेच.